काकांच्या जॅझ रेकॉर्ड संगणकावर घेताना: कामाच्या नोंदी

4 जानेवारी

मोजणी झाली. एलपी (व्हिनाइलच्या मोठ्या रेकॉर्ड) 143, शेलॅकच्या म्हणजे लाखेच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या 22. काकांनी आयुष्यभर जमवलेलं सगळं जॅझ. काका गेले, काकूला प्लेअरचा टोनआर्म (सुईचा दांडा) उचलायला हात स्थिर राहत नाही, आणि तिला हे फोनवर ऐकायचंय. निमित्त एवढंच.

"हे सगळं नेटवर असतंच की," असं आत्तापर्यंत चौघांनी ऐकवलं. असतं, पण हेच असेल असं नाही. जॅझच्या रेकॉर्ड पुन्हा निघतात तेव्हा कधी टेप दुसरी घेतात, कधी त्याच दिवशीचा दुसरा टेक (त्याच रचनेचं दुसरं मुद्रण) घालतात, कधी मोनोचं (दोन्ही कानांत एकच आवाज) ओढूनताणून स्टिरिओ (दोन कानांत वेगवेगळा) करतात. नाव आणि कव्हर तेच राहतं. काकूच्या कानात बसलंय ते काकांच्या प्रतीतलं.

हिशोब: 143 रेकॉर्ड, प्रत्येकी सरासरी 40 मिनिटं, म्हणजे नुसतं वाजवायलाच 95 तास. यात घाई करता येत नाही, रेकॉर्ड तिच्या गतीनेच वाजणार. 24 बिट, 96 किलोहर्ट्झ इतक्या बारकाईने घेतलं तर एका रेकॉर्डला साधारण 1.4 जीबी, सगळ्या मिळून 200 जीबी. साफ केलेली प्रत वेगळी ठेवायची, म्हणून दुप्पट. सहा आठवड्यांत उरकेल असं धरलंय.

7 जानेवारी

पहिलं नुकसान.

एलपी धुवायला डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि साबणाचा एखादा थेंब. एलपी व्हिनाइलच्या, त्यांना हे चालतं. दहा-बारा छान निघाल्या, हात बसला, आणि त्याच ओघात एक 78 ची तबकडी घेऊन तिच्यावरूनही तेच फडकं फिरवलं. फडकं काळं झालं. आधी वाटलं, केवढी ही धूळ! ती धूळ नव्हती, तबकडीच होती. शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं. एका बाजूच्या बाहेरच्या खाचा पुसट झाल्या, तिथे आता नुसती खरखर वाजते.

78 च्या तबकड्यांजवळ अल्कोहोल न्यायचं नाही. मी बाकीच्या 21 सरळ दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवल्या.

एलपीच्या लेबलवर पाणी जाऊ नये म्हणून प्लास्टिकच्या डब्याची दोन झाकणं दोन्हीकडून दाबून धरते. दिसायला हास्यास्पद आहे, पण लेबल कोरडं राहतं.

11 जानेवारी

प्लेअरची मांडणी. नवी सुई बसवली, दाब 1.8 ग्रॅम. मग गती तपासायला घेतली. स्ट्रोबची चकती (रेघा आखलेली; गती बरोबर असली की दिव्याखाली रेघा थांबलेल्या दिसतात) प्लॅटरवर, म्हणजे फिरत्या थाळीवर ठेवली, दिवा लावला, रेघा काही केल्या स्थिर दिसेनात. नुसता करडा धुरळा. तासभर झगडले आणि चकतीच वाईट आहे म्हणून नाद सोडला.

मग मला सुचलेली युक्ती: ओळखीची रेकॉर्ड लावायची आणि कीबोर्डच्या सुराशी जुळवायची. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' काढली. पहिल्या बाजूचं पहिलंच 'सो व्हॉट', पट्टी डी, बास इतका स्पष्ट की शंकेला जागा नाही. कीबोर्डशी ताडून पाहिलं तर रेकॉर्ड चढी. फार नाही, श्रुतीभर, पण दोन्ही एकदम वाजवले की दाताखाली खडा आल्यासारखं होतं. म्हणजे प्लेअर जोरात फिरतोय. गतीचं बटण हळूहळू खाली आणलं, सूर मिळाला. स्वतःवर खूश होऊन झोपले.

18 जानेवारी

11 रेकॉर्ड झाल्या. त्यातली एक परत करावी लागली. ड्रमवादक आर्ट ब्लेकीची न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबमधली, 21 फेब्रुवारी 1954 ची. सुरुवातीला निवेदक पी वी मार्केट बोलतो, एकेका वादकाचं नाव पुकारतो. मी आवाजाची पातळी त्याच्या बोलण्यावर लावली आणि उठून गेले. परत येऊन बघते तर ब्लेकीचे ड्रम सुरू झाल्यापासून पडद्यावरची आवाजाची लाट वर-खाली सपाट कापलेली. कापलेलं परत येत नाही. आता आधी रेकॉर्डमधली सगळ्यांत जोराची जागा शोधते, तिथे लाटेचा माथा उणे 6 डेसिबलच्या (शून्यावर लाट कापली जाते) वर जात नाही ना बघते, मगच सुरुवातीपासून लावते. 24 बिट घेतोय तर पातळी थोडी खाली राहिल्याने काही बिघडत नाही.

लॅपटॉप चार्जरला जोडलेला असला की बारीक घूं येते. बॅटरीवर चालवा.

19 जानेवारी

'काइंड ऑफ ब्लू'ची दुसरी बाजू लावली. 'ऑल ब्लूज', पट्टी जी. कीबोर्डशी मिळेना. या वेळी रेकॉर्ड उतरलेली.

एकाच तबकडीची एक बाजू सुरात आणि दुसरी उतरलेली कशी असेल? बेल्ट सैल झाला असणार. बेल्ट काढून मोटरची पुली पुसली. पुन्हा तेच.

21 जानेवारी

नवा बेल्ट आणून घातला. पुन्हा तेच. पहिली बाजू सुरात, दुसरी उतरलेली. बेल्टला दोन दिवस उगाच बोल लावला.

22 जानेवारी

उलगडा झाला. ज्यांना हे आधीपासून माहीत आहे ते आतापर्यंत हसून दमले असतील.

हा अल्बम न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या 30 व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत 1959 साली दोन दिवसांत झाला: 2 मार्च आणि 22 एप्रिल. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी 2 मार्चची. त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर मुद्रित केलेलं नीट गतीच्या मशीनवर वाजवलं की सूर चढतो. तीच टेप पुढे वापरात राहिली आणि पहिली बाजू वर्षानुवर्षं चढ्या सुरात विकली गेली. 1992 च्या आवृत्तीत त्याच दिवशी जोडीला चाललेल्या दुसऱ्या मशीनची टेप घेतली, तेव्हा कुठे सूर जागेवर आला. काकांची प्रत त्याच्या बरीच आधीची.

म्हणजे माझा प्लेअर मुळात बरोबर होता. 1959 सालच्या एका मशीनची चूक मी त्याच्यात उतरवली आणि त्या गतीने 11 रेकॉर्ड घेऊन बसले. चुकीची रेकॉर्ड प्रमाण धरायची म्हटली तर जगातली यापेक्षा चोख निवड मला करता आली नसती.

चूक सगळीकडे सारखीच असल्यामुळे संगणकावर एकाच आकड्याने दुरुस्त करता आली असती. पण बटण किती फिरवलं ते लिहून ठेवलेलं नाही. अंदाजाने करण्यापेक्षा अकराही रेकॉर्ड पुन्हा वाजवायच्या ठरवल्या. वाजवण्याचेच सव्वासात तास, शिवाय बेल्टपायी गेलेले दोन दिवस. बटण फिरवलं की आकडा वहीत, हा नियम आजपासून.

स्ट्रोबच्या चकतीचंही कळलं. चकती चांगलीच आहे, खोलीतला एलईडी दिवा निरुपयोगी. रेघा स्थिर दिसायला दिवा विजेच्या लयीत लुकलुकला पाहिजे. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली धरली तर रेघा शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या. चकतीवर दोन कडी असतात: 50 हर्ट्झच्या विजेसाठी 180 रेघांचं, 60 हर्ट्झसाठी 216 रेघांचं. आपल्या विजेचं कडं कोणतं ते आधी बघा. तेवढी एक चूक माझ्याकडून झाली नाही.

25 जानेवारी

'सो व्हॉट' दुरुस्त करायचं की नाही?

दोन प्रती केल्या. एक रेकॉर्डवर आहे तशी, एक सूर उतरवून. कुठली कुठली ते न सांगता काकूला दोन्ही ऐकवल्या. दुरुस्त केलेली सुरू होऊन अर्धं मिनिटही झालं नसेल, ती म्हणाली, "अगं, हे कसं मरगळल्यासारखं वाजतंय? बॅटरी उतरलीय का?"

तिच्या फोनमध्ये चढी प्रत गेली. दुरुस्त केलेली माझ्याकडे राहील. कुणाला सोबत वाजवून शिकायचं असेल तर हीच घ्यावी.

1 फेब्रुवारी

अकरा रेकॉर्ड पुन्हा झाल्या, पुढच्या 19 झाल्या. आता मोनोचा प्रश्न.

काकांकडच्या पन्नासच्या दशकातल्या बहुतेक रेकॉर्ड मोनो आहेत. माझं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) स्टिरिओ. ते खाचेतल्या आडव्या हालचालीबरोबर उभीही उचलतं, आणि मोनो रेकॉर्डमध्ये उभ्या हालचालीत संगीत नसतं, धूळ आणि झीज असते. डावं-उजवं मिसळून एक केलं की त्यातला बराच कचरा आपसूक जातो. कुठल्याही फिल्टरशिवाय इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. बर्डलँडच्या रेकॉर्डमध्ये मागे कुठे तरी ग्लासांचा आवाज आहे, तो मला आधी खरखरच वाटत होता.

पण मिसळायच्या आधी दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐका. दोन रेकॉर्डच्या एकाच भिंतीला ओरखडा होता, तिथे मिसळण्यापेक्षा चांगली बाजू तेवढी घेणं बरं पडलं.

चार रेकॉर्ड खोट्या स्टिरिओच्या निघाल्या. मूळ मोनो, पुढे स्टिरिओच्या लाटेत कंपन्यांनी खर्जाचा भाग एका कानात आणि तारेचा दुसऱ्या कानात ढकलून, वर थोडा उशीर घालून विकलेल्या. या मिसळून मोनो होत नाहीत, पोकळ नळीतून आल्यासारख्या वाजतात. एक रात्र घालवून पाहिली, मग चौघींनाही रामराम केला. या ठिकाणी मात्र बाजारातली नीट मोनो आवृत्ती घेणंच शहाणपणाचं.

8 फेब्रुवारी

टिकटिक काढणाऱ्या फिल्टरची गोष्ट. ही मी मोठी लिहिणार आहे, कारण माझ्या मते याच टप्प्यावर सगळ्यांत जास्त लोक चांगल्या रेकॉर्डची माती करतात.

फिल्टरला 'मध्यम'वर ठेवून 30 रेकॉर्ड रात्रभरात काढल्या. सकाळी ऐकल्या, एकदम स्वच्छ. दुसऱ्या दिवशी बर्डलँडची पुन्हा लावली आणि काही तरी अडखळायला लागलं. क्लिफर्ड ब्राउनचा ट्रम्पेट तोच, पण त्याच्या स्वराची सुरुवात जणू कोणी बोटाने पुसलीय. टोकदारपणा गेलेला.

बऱ्याच प्रोग्रॅममध्ये काढून टाकलेला भाग वेगळा ऐकायची सोय असते. नसेल तर मूळ फाइलमधून साफ केलेली वजा करा, तेच मिळतं. मी ते कधी ऐकलंच नव्हतं. ऐकलं तर टिकटिकीबरोबर ट्रम्पेटचे तुकडे, ब्लेकीची ड्रमच्या कडेवर मारलेली काठी, सिंबलचे कण. फिल्टर बिचारा काय करणार? त्याला अचानक उसळलेली बारीक लाट दिसली की ती धूळ वाटते, आणि ट्रम्पेटवाला जिभेने स्वर तोडतो तेव्हा नेमकी तशीच लाट उसळते. व्हायोलिनच्या रेकॉर्डवर जे फिल्टर निमूट चालतं ते जॅझमध्ये माणसं खातं.

30 च्या 30 साफ प्रती पुसल्या. मूळ प्रती ठेवल्या होत्या म्हणून वाचले. 200 ऐवजी 400 जीबी जागा घेतल्याचं सार्थक झालं.

आता करते ते असं: फिल्टर सगळ्यांत हलक्यावर, काढलेला भाग ऐकून त्यात संगीत नाही याची खात्री, आणि उरलेले मोठे ठोके हाताने, एकेक. एका रेकॉर्डला दीड ते तीन तास. ट्रम्पेटच्या किंवा ड्रमच्या सोलोवरची (एकट्याच्या वादनावरची) बारीक टिकटिक तशीच सोडते. डीन बेनेडेटी नावाच्या सॅक्सोफोनवाल्याने 1947-48 साली क्लबांमधून सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करला टिपून ठेवलं, तेही पार्करचे सोलो तेवढे, बाकीचे वाजवायला लागले की मशीन बंद. ते तुकडे 1990 साली संचाच्या रूपात निघाले. खरखर भरपूर आहे, पण पार्कर ऐकताना ती कुणाला आठवते?

12 फेब्रुवारी

पियानोवादक थेलोनियस मंकच्या 'ब्रिलियंट कॉर्नर्स'मध्ये लाट एका जागी तुटल्यासारखी दिसली. सुई उडाली समजून दोनदा पुसून पुन्हा वाजवली, तिसऱ्यांदा हाताने सांधायला बसले. सांधायच्या आधी म्हटलं जरा वाचावं. ऑक्टोबर 1956 मध्ये ही रचना वादकांना इतकी अवघड गेली की एकही टेक शेवटपर्यंत नीट लागला नाही. पंचवीसेक प्रयत्नांचे तुकडे जोडून निर्माता ओरिन कीपन्यूजने ती पुरी केली. मी जो सांधायला निघाले होते तो मूळचा जोड. हात काढून घेतला.

22 फेब्रुवारी

67 झाल्या. आज बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनची न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवातली रेकॉर्ड. या एकाच रेकॉर्डने माझी नावं देण्याची पद्धत मोडीत काढली.

7 जुलै 1956 ची रात्र. 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू'च्या मध्ये पॉल गोन्झाल्व्हिसने टेनर सॅक्सोफोनवर सलग 27 आवर्तनं घेतली आणि लोक खुर्च्यांवर चढले. काकांच्या कव्हरच्या आत पेन्सिलने पाच-पाचच्या जुड्या काढलेल्या आहेत. मोजल्या, 26 भरल्या. एक काकांची चुकली, किंवा तेही तोवर उभे राहिले असतील.

रेकॉर्डवर गोन्झाल्व्हिस लांबून ऐकू येतो, कारण तो कोलंबियाच्या माइकसमोर नव्हताच. तो वाजवत होता व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या माइकमध्ये. शिवाय 1956 च्या या एलपीतला काही भाग कार्यक्रमानंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून, वर टाळ्या चिकटवून घातलेला. व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप पुढे सापडली, आणि फिल शापने ती कोलंबियाच्या टेपशी जुळवून 1999 साली दोन सीडींचा संच केला. एक टेप एका कानात, दुसरी दुसऱ्या. त्यात सॅक्सोफोन एकदम पुढ्यात येतो.

दोन्ही लागोपाठ ऐकल्या. सोलो 1999 चाच ऐकावा, याबद्दल मला शंका नाही. तरी लांबून येणाऱ्या त्या सोलोत गर्दी हळूहळू सोलोच्या वर चढत जाते, ती मजा वेगळी, आणि काकांनी जुड्या काढल्या त्या यावरच. दोन्ही ठेवल्या.

अडचण अशी की माझ्या फायलींना फक्त अल्बमचं नाव आणि साल होतं. त्या हिशोबाने या दोन्ही एकच. आता क्रम असा: वादक, अल्बम, मुद्रणाची तारीख, ही आवृत्ती निघाली ते साल, मोनो की स्टिरिओ, आणि लेबलालगतच्या कोऱ्या भागात कोरलेला क्रमांक. आधीच्या 66 ची नावं बदलायला पूर्ण रविवार गेला.

1 मार्च

कोरलेले क्रमांक टॉर्च तिरपा धरून वाचते. हा या कामातला सगळ्यांत आनंदाचा भाग. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या जुन्या रेकॉर्डवर 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' असा शिक्का असतो, म्हणजे ती तबकडी ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरने स्वतः कापली. हा माणूस आधी न्यू जर्सीतल्या हॅकनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात मुद्रण करायचा, 1959 पासून एंगलवुड क्लिफ्सच्या स्टुडिओत.

काका पियानोवादक हर्बी हॅनकॉकची 'मेडन व्हॉयेज' पहिली छपाई म्हणून दाखवायचे. लेबल जुनं, शिक्का व्हॅन गेल्डरचा. मीही चुलतभावाला मोठ्या उत्साहात फोन करून सांगितलं. मग टॉर्च फिरवताना लक्षात आलं, कान नाही. 1966 पर्यंत ब्लू नोटच्या रेकॉर्ड ज्या कारखान्यात छापल्या जात त्याची खूण म्हणजे वळणदार इंग्रजी 'पी', दिसायला कानासारखा. ब्लू नोट 1965 मध्ये लिबर्टी कंपनीला विकली गेली, छपाई दुसरीकडे गेली, पण जुनी लेबलं उरली होती ती चिकटवत राहिले. म्हणून जुनं लेबल, खरा शिक्का, आणि कान गायब. थोडी नंतरची छपाई.

भावाला पुन्हा फोन केला. काकूला सांगितलं नाही. आवाज अप्रतिम आहे, तबकडी तर व्हॅन गेल्डरचीच.

15 मार्च

सुईचा आवाज फाटायला लागला, विशेषतः आतल्या खाचांत. सुई बदलली. आधीच्या आठ रेकॉर्डवर संशय होता, तपासल्या, तीन परत घ्याव्या लागल्या. किती तास वाजवली ते आता प्लेअरलाच चिकटवलेल्या कागदावर मांडते.

5 एप्रिल

एलपी संपल्या. 143 पैकी 139 घेतल्या, चार त्या खोट्या स्टिरिओच्या सोडल्या. सहा आठवडे म्हटलं होतं, तेरा लागले. यातले तीन आठवडे तरी माझ्याच चुकांचे: गती, फिल्टर, नावं. हाताने साफ केलेल्या 58. बाकीच्या मिसळून मोनो किंवा आहे तशा स्टिरिओ, टिकटिकीसकट. त्या सवडीने.

1954 च्या आधीच्या सहा एलपी वेगळ्या खुणेने ठेवल्यात. त्या सुमारास आरआयएए वक्र (खर्ज आणि तार यांचं सर्वांसाठी ठरलेलं प्रमाण) सगळीकडे रूढ व्हायला लागला, त्याआधी प्रत्येक कंपनीचं खर्ज दाबण्याचं आणि तार उचलण्याचं प्रमाण आपापलं असे. माझ्या प्रीअॅम्पमधून (सुईचा बारीक आवाज वाढवणाऱ्या पेटीतून) त्या थोड्या चुकीच्याच आल्यात. मूळ प्रत आहे, दुरुस्ती संगणकावर होईल.

आता दुसऱ्या खोलीतल्या 21. त्यांना एलपीची सुई चालत नाही, खाच कितीतरी रुंद, सुई तळाशी लोळते आणि नुसता कचरा उचलते. 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई मागवली आहे, ती अजून आलेली नाही. त्यात पार्करचं 1945 चं 'को-को' आहे. ते धुवायला पाणी आणि मऊ ब्रश, बाकी काही नाही.